आठवी आज्ञा आणि संध्याकाळच्या बातम्या

संत क्लारा ही दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. पोप बारावे पायस यांनी १९५८ साली तिला हा मान दिला. त्यामागची कथा अशी सांगतात की, असिसीच्या मठात आजाराने अंथरुणाला खिळलेली असताना नाताळच्या रात्रीची मिस्सा तिला आपल्या खोलीच्या भिंतीवर दिसली. दूर वेदीवर जे घडत होते तेवढेच तिने पाहिले. त्यात कोणी काही घातले नव्हते आणि त्यातून कोणी काही काढलेही नव्हते. आमच्याही दिवाणखान्याच्या भिंतीवर रोज संध्याकाळी एक चौकोन उजळतो. रोझरी आटोपते न आटोपते तोच निवेदकाचा चढा स्वर घरात शिरतो आणि दूर कुठेतरी घडलेली गोष्ट आम्हांला दिसू लागते. जे दिसते ते घडले तेवढेच असते काय?

‘मुळीच नसते,’ असे उत्तर कोणीही चटकन देईल. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात चार माणसे जमली की वृत्तवाहिन्यांचा विषय निघतो आणि सगळ्या वाहिन्या विकल्या गेल्या आहेत, या निष्कर्षावर तो संपतो. मौजेची गोष्ट अशी की, त्या चौघांपैकी दोघांना वाहिन्या एका पक्षाला विकल्या गेलेल्या दिसतात, तर उरलेल्या दोघांना दुसऱ्या. पक्षपात असतो याविषयी एकमत, तो कोणाच्या बाजूने असतो याविषयी मतभेद. आम्हीही त्या गप्पांत वर्षानुवर्षे हिरिरीने भाग घेतला आहे. परंतु २०२० सालच्या वसंतात असे काही घडले की, हा प्रश्न केवळ वाहिन्यांचा नाही, अशी शंका आम्हांला येऊ लागली. ती शंका येथे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्या वर्षीच्या १६ एप्रिलच्या रात्री आमच्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले या आदिवासी गावाजवळ जमावाने तीन माणसांना ठार मारले. दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक असे ते तिघे मुंबईतील कांदिवलीहून एका अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. टाळेबंदी जाहीर झालेली, हमरस्त्यावर तपासणी, म्हणून आडवाटेने चाललेली ती गाडी गावापाशी अडवली गेली. मुले पळवणारी, चोऱ्या करणारी टोळी परिसरात हिंडते आहे, अशी अफवा कित्येक दिवस त्या भागात फिरत होती. ही कोण माणसे, कुठून आली, कुठे निघाली, हे जमावाने ऐकून घेतले नाही. पोलीस हजर होते. त्यांच्यादेखत हे घडले. वृद्ध साधू पोलिसाचा हात धरून चालला आहे, ही चित्रफीत दोन-तीन दिवसांनी देशभर पसरली, आणि ज्याने ती पाहिली त्याला ती विसरता येणार नाही.

तो आपल्या पुनरुत्थान सणाचा आठवडा होता. चर्चची दारे बंद, माणसे घरात कोंडलेली, आणि दूरचित्रवाणी संच दिवसभर सुरू. त्या संचावर आम्ही पाहिले की, तपास पुरता सुरूही झालेला नसताना काही वाहिन्यांवर गुन्हेगार ठरू लागले आहेत. कोणी ख्रिस्ती मिशनऱ्यांचे नाव घेतले, कोणी डाव्या पक्षाचे. समाजमाध्यमांवर मुसलमानांचे नाव आधीच पोहोचले होते. तालुक्याचा आमदार कोणत्या पक्षाचा हे एका बाजूने सांगितले, तर गावची सरपंच कोणत्या पक्षाची हे दुसऱ्या बाजूने. जमावाला थोपवण्याचा आपण प्रयत्न केला, असे त्या सरपंच बाईंचे म्हणणे होते. परंतु बाईंनी त्या रात्री काय केले यापेक्षा त्यांचा पक्ष अधिक मोलाचा ठरला. राज्याच्या गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध केली आणि तीत एकही मुसलमान नाही, असे सांगितले. त्यांचा हेतू आग विझवण्याचा असावा. परंतु माणसाचा अपराध त्याच्या धर्मावरून शोधायचा असतो, हे त्या उत्तरानेही मान्य केलेच.

त्या दिवसांत आमचा संताप अनावर झाला होता. जव्हार-डहाणूच्या डोंगरांत शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या धर्मगुरूंना व धर्मभगिनींना आम्ही ओळखतो. एकही पुरावा समोर न ठेवता त्यांच्याकडे खुनाचे बोट दाखवले जात होते. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने जुलै २०२० मध्ये आरोपपत्रे दाखल केली, तेव्हा हत्येचे मूळ मुले पळवण्याच्या अफवेत असल्याचे सांगितले. धार्मिक कारण त्यांना आढळले नाही. पुढे राज्यात सरकार बदलल्यावर तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवण्यास राज्याने संमती दिली, हेही नमूद करायला हवे. परंतु एप्रिलमध्ये यातले काहीच कोणाच्या हाती नव्हते. गडचिंचलेच्या लोकांनी अनोळखी माणसांची गाडी अडवली आणि न विचारता निवाडा केला. त्या लोकांना रानटी म्हणणाऱ्या निवेदकांनी वातानुकूलित खोलीत बसून जे केले ते याहून फार वेगळे होते, असे आम्हांला वाटत नाही. अफवेने माणसे मारली, आणि त्या मृत्यूची कथाही अफवेनेच सांगितली.

येथेच हा लेख संपवता आला असता, तर आम्हांलाही बरे वाटले असते. परंतु त्याच महिन्यात मागे वळून पाहताना आम्हांला ३० मार्चची तारीख आठवली.

त्या दिवशी उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातला सोमवार होता. त्या सोमवारच्या मिस्सामध्ये दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा वाचली जाते. (ही कथा आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये ती सापडणार नाही.) चर्च बंद असल्याने आम्ही ते वाचन मोबाइलच्या पडद्यावर ऐकले. आणि त्याच सुमारास, पडद्याच्या पलीकडे, दिल्लीतील निजामुद्दीन येथील तबलिगी जमातच्या मरकजची बातमी देशभर पेटत होती. तेथे गर्दी झाली होती, तेथून संसर्ग पसरला होता. ती बातमीच होती आणि ती द्यायलाच हवी होती. परंतु बघता बघता ‘कोरोना जिहाद’ हा शब्द निघाला, तो वाहिन्यांवरही घुमू लागला, आणि एका मेळाव्याचा निष्काळजीपणा हा एका संपूर्ण समाजाचा कट ठरला. आमच्या गटांतून चित्रफिती फिरू लागल्या: फळांवर थुंकणारा फेरीवाला, आणि तत्सम. त्यातली एक आम्हीही पुढे पाठवली. ती कुठली, कधीची, हे आम्ही कोणाला विचारले नाही. सुसान्नेची कथा ऐकून पुरते दोन दिवसही झाले नव्हते.

सतरा-अठरा दिवसांनी वाहिन्यांचा तोच रोख आमच्याकडे वळला, तेव्हा मात्र आम्हांला निःपक्षपातीपणाची आठवण झाली.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले. मरकजला आलेल्या या परदेशी लोकांविरुद्ध वृत्तपत्रे आणि वाहिन्यांनी मोठा प्रचार केला आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे दिसते, अशा आशयाचे शब्द त्या निकालपत्रात आहेत. ती बातमी वाचल्यावर आम्ही पाठवलेली चित्रफीत परत घेण्याचा काही मार्ग आहे काय, असे मनात आले. पाच महिन्यांत ती किती घरांत पोहोचली असेल, कोणास ठाऊक!

मनुष्याला अन्याय स्वतःवर झाला की लगेच दिसतो, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. परंतु गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. आपल्यावर अन्याय झाल्याची आपली जाणीवसुद्धा विश्वासार्ह नसते, असे दाखवणारा एक प्रयोग १९८५ साली प्रसिद्ध झाला. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरुट शहरातील साब्रा आणि शातिला या निर्वासित छावण्यांत पॅलेस्टिनी व लेबनॉनी लोकांचे हत्याकांड झाले होते. अमेरिकी वाहिन्यांनी त्याचे जे वृत्तांकन केले, त्यातील काही भाग संशोधकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांना दाखवले. काही विद्यार्थी इस्रायलच्या बाजूचे होते, काही अरबांच्या. सर्वांनी तेच भाग पाहिले. इस्रायलची बाजू घेणाऱ्यांना ते इस्रायलविरोधी वाटले. अरबांची बाजू घेणाऱ्यांना तेच इस्रायलच्या बाजूने झुकलेले वाटले. चर्चच्या आवारातले आमचे चौघे आठवावेत! एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या छावण्यांत कत्तल करणारी हत्यारबंद टोळी लेबनॉनमधील ख्रिस्ती, मुख्यत्वे मॅरोनाइट पंथीय, म्हणजे आपल्याच रोमच्या पीठाशी एकनिष्ठ असलेल्या ख्रिस्तसभेतील लोकांची होती. ती बातमी आपल्या घरात पाहिली असती, तर आपल्याला ती कोणत्या बाजूला झुकलेली वाटली असती?

तेव्हा ‘आम्हांला दुखले’ हे पक्षपाताचे प्रमाण होऊ शकत नाही, आणि ‘आम्हांला बरे वाटले’ हे न्यायाचे प्रमाण तर नव्हेच.

आमच्या पिढीने पक्षपात प्रथम पाहिला तो सरकारी दूरदर्शनवर. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि नुकतेच काँग्रेस सोडलेले जगजीवनराम यांची सभा होती. लोकांनी घरीच बसावे म्हणून दूरदर्शनने त्या संध्याकाळी ‘बॉबी’ चित्रपट लावला. लोक तरीही मैदानावर गेले. तो पक्षपात ओबडधोबड होता; तो सर्वांना एकसारखा दिसत असे, आणि म्हणून त्याची मात्राही कमी चालत असे. आमच्या वसईकडच्या भाषेत सांगायचे तर गावाला एकच विहीर होती, तिचे पाणी मचूळ आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होते, आणि सगळे गाव ते जाणूनच पीत होते. आता घरोघरी कूपनलिका झाल्या. प्रत्येकाला आपल्या नळाचे पाणी गोड लागते. प्रसारभारती आली, खाजगी वाहिन्या आल्या, आणि प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले. (तो वाद मूळचा क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता!) सरकारची मक्तेदारी गेली हे चांगलेच झाले. परंतु मक्तेदारीबरोबर, समोरच्या घरात वेगळी बातमी दिसत असेल ही जाणीवही हळूहळू गेली.

मग कायद्याने समतोल आणता येणार नाही काय? अमेरिकेने तो प्रयोग केला आहे. १९४९ पासून १९८७ पर्यंत तेथे असा नियम होता की, प्रसारणाचा परवाना घेणाऱ्याने सार्वजनिक वादाच्या विषयांना वेळ द्यावा आणि त्यातील परस्परविरोधी मते न्याय्य रीतीने मांडावीत. १९६४ साली पेनसिल्व्हेनियातील एका नभोवाणी केंद्रावरून एका लेखकावर वैयक्तिक हल्ला झाला. त्याने उत्तरासाठी वेळ मागितला, केंद्राने तो फुकट देण्यास नकार दिला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाच्या बाजूने कौल दिला. हल्ला करणारा कोण होता, तर ख्रिस्ती धर्मोपदेशक! पुढे या नियमाविरुद्ध तक्रार अशी झाली की, दोन्ही बाजूंना वेळ देण्यापेक्षा वादाच्या विषयाला हातच न लावणे केंद्रचालकांना सोयीचे वाटते. नियम गेला. आपल्याकडे वाहिन्यांनी स्वतःच नेमलेले, निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालचे मंडळ २००८ पासून आहे. त्याचा कमाल दंड एक लाख रुपये होता, आणि एवढ्याने वाहिन्यांना काय धाक बसणार, असा प्रश्न ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच पडला. दंड वाढावा, मंडळाला अधिकार मिळावेत. त्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही.

परंतु दोन्ही बाजूंना बोलावणे म्हणजे न्याय, ही समजूत आम्हांला मान्य नाही. पडद्यावर सहा चौकटी असतात, प्रत्येकीत एक माणूस ओरडत असतो. त्यांतली एक चौकट कधीतरी आपल्या समाजाच्या प्रतिनिधीला मिळते. त्याला अर्धे मिनिट मिळते, त्यातही तीनदा अडवले जाते, आणि मग त्याचीही बाजू ‘आली’ असे समजतात. (अशा कार्यक्रमांना जाणाऱ्या आपल्या माणसांच्या धैर्याचे आम्हांला कौतुक वाटते, जाऊ नये असेही अधूनमधून वाटते.) पिलातानेही दोन्ही बाजू ऐकल्या होत्या. याजकांचे आरोप ऐकले, प्रभूला प्रश्न विचारले, सत्य म्हणजे काय असे विचारून तो बाहेर गेला, आपल्याला या मनुष्यात अपराध आढळत नाही असे त्याने पुनःपुन्हा सांगितले, आणि शेवटी निर्णय जमावावर सोपवला. त्याचा तराजू अगदी सारखा होता. त्याला ठाऊक असलेले सत्य तेवढे त्याने तराजूत टाकले नाही.

याउलट दानिएल. सुसान्नेवर व्यभिचाराचा आरोप करणारे दोघे समाजाचे वडील होते, न्यायाधीश होते. ते वडील आहेत, एवढ्यावर सभेने विश्वास ठेवला आणि तिला मृत्युदंडासाठी नेले. त्या सभेत सुसान्नेचा द्वेष करणारे कोणी होते, असे कथेत कुठेही नाही. ते सगळे भले लोक होते. तरुण दानिएल ओरडला, सभा परत फिरली, आणि त्याने त्या दोघांना वेगवेगळे करून एकच प्रश्न विचारला: तुम्ही तिला कोणत्या झाडाखाली पाहिले? एकाने एक झाड सांगितले, दुसऱ्याने दुसरे. दानिएलने सुसान्नेच्या शीलावर भाषण केले नाही. त्याने झाड विचारले. कोणी पाहिले, कुठे पाहिले, किती जवळून पाहिले, याची विचारणा जिथे होते तिथे बातमी असते. जिथे होत नाही तिथे उरते ती नुसती सभा.

आपण त्या सभेत बसलेले आहोत, आणि आठवी आज्ञा सभेलाही लागू आहे. ती आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याविषयी आहे, म्हणून ती साक्ष देणाऱ्यापुरती आहे असे आपण समजतो. परंतु १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ या आज्ञेखाली उतावळा निवाडा, निंदा आणि कुभांड असे तीन अपराध एकापाठोपाठ सांगतो. त्यांत पहिला आहे उतावळा निवाडा. पुरेशा आधारावाचून शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे, हाच तो अपराध. त्यासाठी तोंड उघडावे लागत नाही, बोटाने काही पुढे पाठवावे लागत नाही. आरामखुर्चीत बसून मान डोलावली तरी तो पुरा होतो. तोच ग्रंथ पुढे संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधने’तील सूचनेचा आधार घेतो: शेजाऱ्याच्या म्हणण्याचा होता होईल तो चांगला अर्थ लावावा, लावता न आला तर त्याला तो काय समजून बोलला हे विचारावे, आणि चूक असेल तर प्रेमाने दुरुस्त करावी. सोळाव्या शतकातला हा सैनिक संत आज रात्री नऊच्या चर्चेत सूत्रसंचालक म्हणून बसला, तर ती वाहिनी महिनाभर तरी टिकेल काय?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयीचा आदेश प्रसृत केला. त्यात बातमी सत्य असावी आणि न्याय व प्रीती सांभाळून ती पूर्ण असावी, अशी अपेक्षा आहे. तसेच निवड करणाऱ्या वाचकांची, श्रोत्यांची आणि प्रेक्षकांची कर्तव्ये स्वतंत्रपणे सांगितली आहेत. पूर्ण या शब्दापाशी आम्ही नेहमी अडखळतो. खोटे सांगितलेले एखादे वेळी पकडता येते. गाळलेले कसे पकडायचे?

२०२० नंतर आमच्या घरी एक सवय लावून घेण्याचा प्रयत्न चालू आहे. एखाद्या समाजाविषयी, पक्षाविषयी, संस्थेविषयी संतापजनक काही दिसले, की त्या समाजातला आपल्या ओळखीचा माणूस आता या खोलीत बसला असता तर आपण हे याच आवाजात ऐकले असते काय, असे कोणीतरी विचारायचे. ही सवय नीटशी लागलेली नाही. पुष्कळदा विचारणाऱ्यावरच बाकीचे चिडतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत तर कोणी विचारतच नाही. आपल्याच समाजाविषयी, आपल्याच संस्थेतील गैरप्रकाराविषयी बातमी येते, तेव्हा उलटा प्रश्न विचारावा लागतो, तो आणखी अवघड: हे खरे असेल काय? तेव्हा मात्र ‘माध्यमे आपल्या विरोधात आहेत’ ही ढाल फार पटकन हाती येते. ती कधी रास्त असते, कधी नसते, आणि कोणती वेळ कोणती हे आम्हांला दरवेळी ओळखता आले आहे, असा दावा आम्ही करणार नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा पहिल्या मसुद्यात आम्ही ‘पालघरमधील दोन साधूंची हत्या’ असे लिहिले होते. सगळ्या वाहिन्या तेच म्हणत होत्या, त्या बाजूच्याही आणि या बाजूच्याही. पाचव्या पानावर आल्यावर लक्षात आले की, मृत तीन होते. तिसरा तिशीतला तरुण वाहनचालक होता. तो ना कोणाच्या पंथाचा होता, ना कोणाच्या पक्षाच्या उपयोगाचा. आणि म्हणून मथळ्यात त्याला जागा नव्हती. आम्ही पुन्हा पहिल्या पानावर गेलो, ते शब्द खोडले, आणि वर छापले आहे तसे लिहिले.